मुठीतला दात

माझी मुलगी मासळीच्या टोपलीला टेकून पाढे म्हणायची. विरारच्या चंदनसारला आमच्या चाळीच्या तोंडाशी अर्नाळ्याची एक मावशी मासे घेऊन बसते. शाळा सुटल्यापासून माझी भाजीची फेरी संपेपर्यंत मुलगी तिच्याजवळ असायची. चाळीतली बाकीची पोरं तिथून जाताना नाक दाबून पळत, आमची मात्र तिथेच बसून डबा खायची. मावशीला याचं फार कौतुक. गिऱ्हाइकांना सांगायची, "ही गेल्या जन्मी कोळ्याच्या घरात असनार. कदी नाक मुरडलं नाय पोरीनं."

ऐकून मलाही बरं वाटायचं. परक्या मुलखात आपलं पोर कुणाला आपलं वाटतं, यापेक्षा जास्त काय पाहिजे असतं? तिला वास येतच नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी किनवटच्या पलीकडचा, जंगलाकडच्या गावातला. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कामामागे फिरत फिरत विरारला आलो आणि आता गास गावातल्या वाड्यांमधून भाजी, केळी, फुलं उचलून बाजारात पोचवायचा टेम्पो चालवतो. बायको, मुलगी आणि मी, वर पत्रा असलेली एक खोली. त्या वर्षी बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सातवा संपता संपता तिची आई येऊन तिला गावी घेऊन गेली. राहिलो मी आणि मुलगी.

मुलगी घोरायची. लहान पोराचं घोरणं ऐकून आधी लोक हसतात, आम्हीही हसलो. मावशी म्हणायची की हिला आमच्या बोटीवर इंजिनाच्या जागी बसवा. पण घोरता घोरता ती मधेच थांबायची. छाती वर ओढली जायची आणि आवाज काही यायचा नाही. मग एकदम धडपडून श्वास घ्यायची, कूस बदलायची, पुन्हा घोरायची. ती थांबली की आम्ही नवरा-बायकोही थांबायचो. तिने श्वास घेतला की आम्ही घ्यायचो. दिवसा ती वर्गात पेंगायची. शेवटी शाळेतल्या बाईंनीच बोलावून सांगितलं की हिला डॉक्टरांना दाखवा.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. नाकाच्या मागच्या बाजूला मांस वाढलंय, टॉन्सिल पण सुजलेत, त्यामुळे हवेला वाटच राहिली नाही, असं म्हणाले. ऑपरेशन करून दोन्ही काढायचं. मी विचारलं, मोठं आहे का? म्हणाले, मोठं नाही, पण पूर्ण भूल द्यावी लागेल.

पूर्ण भूल म्हटल्यावर मी घाबरलो. आमच्या गावात भूल म्हणजे माणूस आत जातो आणि बाहेर येतो की नाही ते देव जाणे, असंच ऐकत मोठा झालो. बायकोला फोनवर सांगितलं. तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली की तिकडे मी पोटातल्याला घेऊन परत येईन, तेव्हा मोठी मला शांत झोपलेली दिसली पाहिजे. तारीख पुढे ढकलू नका.

पण पहिली तारीख पुढे गेलीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलीला खोकला झाला. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली आणि सरळ नाही म्हणाल्या. मला वाटलं, एवढ्याशा खोकल्याला काय? त्या म्हणाल्या, खोकल्यात श्वासाची वाट चिडलेली असते, मी तिथे हात लावला तर ती रागावून बंद होते. पूर्ण बरी होऊ द्या, मग मी हात लावते. तोवर मला वाटायचं भूल देणारे म्हणजे ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचे मदतनीस असतील. त्या दिवशी कळलं की या बाईंनी नाही म्हटलं की मोठे डॉक्टरही गप्प बसतात.

खोकला गेल्यावर पुन्हा गेलो. मॅडम ठेंगण्या, केस पिकायला लागलेल्या, बोलणं हळू. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवलं, आ करायला लावलं, मान मागे-पुढे करून बघितली, एकेका दाताला बोट लावलं. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का विचारलं. मी तेच तेच तीन तऱ्हेने विचारत होतो आणि त्या दर वेळी नव्याने सांगत होत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "सर्जनना घशात काम करायचंय आणि तिला श्वास पण घशातूनच घ्यायचाय. दार एक आणि माणसं दोन. म्हणून ती झोपली की मी एक नळी आत घालते. नळीतून तिचा श्वास चालू राहतो. शेवटपर्यंत मी तिच्या डोक्यापाशी बसलेली असते. कुठे जात नाही."

कुठे जात नाही, हे मी धरून ठेवलं.

शेवटी त्यांनी दातांचं सांगितलं. मुलगी सात वर्षांची, दुधाचे दात पडायचं वय. आज तर सगळे घट्ट आहेत, पण तोवर एखादा हलायला लागला तर मला सांगायचं. नळी घालताना सैल दात निसटला तर श्वासात जाऊ शकतो, तो आधीच काढलेला बरा. मी मान हलवली. मुलगी पाय हलवत ऐकत होती.

जाताना मॅडमनी तिला एक खराखुरा मास्क खेळायला दिला. घरी रोज तोंडावर धरायचा, लांब श्वास घ्यायचा, म्हणजे त्या दिवशी भीती वाटणार नाही. मुलीने तो बाहुलीला लावला, मला लावला, मावशीला लावला. मावशीने तो एका सुरमईच्या तोंडाला लावला आणि सुरमईचा श्वास तपासून, "गेली, आता काय वाचत नाय," असा निकाल दिला. मुलगी हसून हसून लोळली. मग मी तो मास्क साबणाने घासून घासून धुतला.

नंतरच्या आठवड्यात गासच्या वाडीतल्या शेतकऱ्याने तिच्यासाठी पेरू दिला. कच्चा, कडक. तो खाताना काय झालं ते मला कळलं नाही. मला एवढंच दिसलं की ती गप्प झाली आहे. म्हटलं, आईची आठवण येत असेल, आणि ऑपरेशनची भीती. मीही गप्पच होतो.

ऑपरेशनच्या सकाळी तिला काही खायला द्यायचं नव्हतं. ठरलेल्या वेळेपर्यंत साधं पाणी चालेल, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी पेला पुढे केला. तिने मान हलवली आणि तोंडावर हात ठेवला. दात घासायला उठवलं तरी तेच. रिक्षात बसली तेव्हाही हात तोंडावर. मला भरून आलं. किती समजूतदार पोर, म्हटलं, तोंडात काही घालायचं नाही म्हणून सांगितलं तर तोंडच उघडत नाही. बायकोला फोन करून हेच सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, माझी शहाणी बाय.

दवाखान्यात मी मॅडमनाही मोठ्या अभिमानाने सांगितलं, सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही, तोंडावरचा हात काढला नाही पोरीने.

मॅडम हसल्या नाहीत. मुलीकडे बघत राहिल्या. नर्सने आ कर म्हटलं, मुलीने मान हलवली. मी गोडीत सांगितलं, मग जरा आवाज चढवला. ती हातामागे आणखी घट्ट झाली. सर्जन दारात डोकावून गेले. माझ्या मनात आलं, आता पुन्हा तारीख जाणार. पुन्हा त्या रात्री, पुन्हा ते थांबणं.

मॅडमनी आम्हाला दोन पावलं मागे जायला खुणावलं आणि स्वतः स्टूल ओढून तिच्यापुढे बसल्या. इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

"तुला नाकाने श्वास घेता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहीत आहे, मी बघितलंय. म्हणजे हातामागे तोंड उघडंच आहे. मग हात कशाला? काय सांभाळतेस?"

मुलीचे डोळे भरले.

"दात?"

तिने मान डोलावली. हात काढला. खालचा, पुढचा एक दात जिभेच्या धक्क्याने दारासारखा आत-बाहेर होत होता.

नळी, श्वास, निसटलेला दात. एवढं सगळं मी ऐकलं होतं, आणि जे बघायचं तेच माझ्या नजरेतून सुटलं होतं. पण मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मुलीला विचारलं, लपवला का?

मग ती नाकात बोलत, हुंदके देत जे बोलली ते असं. तिच्या आजीने फोनवर सांगितलं होतं की पहिला दात कौलावर टाकायचा. उंदीरमामा तो नेतो आणि स्वतःसारखा बारीक, टोकदार दात देतो. आमच्या खोलीवर पत्रा आहे. मावशी म्हणाली होती की पत्र्यावरचा दात घरंगळून खाली येतो, मग नवा येत नाही. आणि चंदनसारला उंदीर कुठे आहेत, घुशी आहेत. घुशीने दात दिला तर? म्हणून आई-बाळाला आणायला गावी जाऊ तोवर तो तोंडातच ठेवायचा होता. इथे काढला तर दवाखान्याच्या कचऱ्यात जाईल.

नर्सने तोंड फिरवलं, हसू लपवायला. मॅडम मात्र तशाच गंभीर.

"घुशीचा दात तुला शोभणार नाही, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "असं करू. तू झोपलीस की मी तो काढते, तुला कळणारही नाही. नळी घालायच्या आधी बाहेर पाठवते. कुणाच्या हातात देऊ?"

मुलीने माझ्याकडे बोट केलं.

"बाबांच्या मुठीत. उठलीस की त्यांच्याकडून मागून घे. चालेल?"

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "मूठ उघडायची नाही."

मी म्हटलं, "नाही उघडत."

मला हिरवा झगा आणि टोपी घालून आत नेलं. आई नसल्यामुळे मॅडमनीच ठरवलं होतं की ती झोपेपर्यंत बाप जवळ असू दे. मला आधीच सांगून ठेवलं होतं, हातपाय हलतील, डोळे वर जातील, घोरेल, ते सगळं बरोबर आहे, घाबरायचं नाही. मुलगी माझ्या मांडीवर बसली. मास्क तिने स्वतःच धरला, सवयीचा होता. मॅडमनी विचारलं, कसला वास येतोय? स्ट्रॉबेरीचा आहे. मुलगी मास्कमधून म्हणाली, "कसलाच नाही."

"येईल," मॅडम म्हणाल्या. "आता समोरचा फुगा फुगव."

यंत्राला एक फुगा लटकत होता. तिने श्वास सोडला की तो फुगायचा, घेतला की बसायचा. इतके महिने मी तिचा श्वास अंधारात कानाने मोजत आलो होतो. तो डोळ्यांनी पहिल्यांदा तिथे दिसला. केवढासा तो.

हळूहळू ती मांडीवर जड झाली. डोळे वर गेले. घोरायला लागली, आणि मग तेच, ओळखीचं, मधेच थांबणं. माझा श्वास थांबला. मॅडमनी दोन्ही हातांच्या बोटांनी तिचा जबडा जरासा पुढे उचलला. घोरणं थांबलं आणि फुगा सरळ हलायला लागला. इतक्या रात्री आम्ही दोघं बघत बसलो होतो ते या बाईंनी बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

"पापा घ्या," मॅडम म्हणाल्या, "आणि बाहेर थांबा."

बाहेर बाकावर बसलो. बायकोला फोन करायला मोबाइल काढला. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स माझ्या दिशेने आली. इतक्या लवकर दार उघडलं म्हणजे काहीतरी झालं, एवढंच डोक्यात. ती काय बोलतेय ते ऐकू येईना. तिने माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि त्यात कापसात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"दात," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, आता नळी घालतोय."

मीच कबूल केलं होतं, आणि मीच विसरलो होतो. मूठ मिटली.

मावशी आली ती अर्धी टोपली तशीच शेजारणीवर सोपवून. हात लिंबाने धुतले होते तरी वास होताच. पहारेकरी काही बोलायच्या आधी तिने त्यालाच तंबी दिली की पोरगी माझी आहे. माझ्याशेजारी बसली, कपाळावर हात मारला. दाताचं ऐकलं तेव्हा तिने मूठ उघडायला लावली नाही, नुसतं वाकून फटीतून, कापसातून डोकावणारं टोक बघितलं.

"एवढासा? मांदेलीचा काटा पन याच्यापेक्षा मोठा असतो."

मी सांगितलं की कौलाच्या घरावर टाकायचा म्हणून हा सगळा घोटाळा झाला, आणि कौल आता गावीच, आणि गाव केवढं लांब.

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊ, माझ्या घरावर काय आगबोटीची चिमनी हाय? कौलंच हायेत ना. आज्यासासऱ्याच्या वेळची. आनि उंदीर म्हनशील तर सुकी मासळी खाऊन असे तुकतुकीत..." पुढचं तिने हाताने दाखवलं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली की मीच त्या पत्र्याचं बोलले होते, माझ्या तोंडाला कुलूप पायजे.

मग ती जपमाळ ओढत बसली, मी मूठ धरून. तळव्याला घाम आला होता आणि कापूस ओला झाला होता. आत त्या मॅडम मुलीच्या डोक्यापाशी बसल्या आहेत, कुठे जात नाहीत, आणि इकडे मी या मुठीपाशी बसलोय, मीही कुठे जात नाही. आम्ही दोघं मिळून तिला धरून आहोत, असं मला वाटत होतं. खरं तर धरून त्याच होत्या.

मग आतून रडणं ऐकू आलं. घोगरं, चिडलेलं, जिवंत. लगेच मॅडम दारात आल्या, मास्क गळ्यात ओढलेला.

"नळी काढली. स्वतःचा श्वास स्वतः घेतेय. ती रडतेय ना, ते ऐकायला मी बसलेली असते."

मी वाकलो तर त्या मागे सरल्या. म्हणाल्या, माझ्या पाया पडू नका, दात पडेल.

मुलगी कुशीवर झोपलेली होती, गालावर चिकटपट्टीची लाल खूण. डोळे धड उघडत नव्हते. मला बघून रडणं थांबलं आणि हात पुढे आला. आवाज निघत नव्हता, तरी ओठांवरून कळलं. मी मूठ उघडली. तिने बोटाने कापूस बाजूला केला, दात आहे हे बघितलं, माझी बोटं एकेक करून पुन्हा मिटवली आणि झोपली.

दुपारी मॅडम तिला पुन्हा बघून निघाल्या, पुढच्या दवाखान्यात दुसरं कुणी मूल वाट बघत होतं. मी जिन्यात गाठलं. गासहून आदल्या दिवशीच राजेळी केळ्यांचा फणा आणून ठेवला होता, तो पुढे केला. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. त्यांनी फणा घेतला, तिथेच जिन्यावर उभ्या उभ्या एक केळं सोललं. म्हणाल्या, सगळ्यांना उपाशी ठेवते, मग मलाही राहावं लागतं. केळं खाऊन झाल्यावर साल कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे बघायला लागल्या, ती मी हातातून घेतली. तेवढंच माझ्याकडून झालं.

त्या रात्री खोलीत इतकं शांत होतं की मला झोप लागली नाही. पुन्हा पुन्हा तिच्या नाकाशी बोट धरत होतो. बोटाला उबदार वारा लागत होता.

मुलीच्या घशातली जखम भरून आल्यावर एका रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो. मावशीच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, पलीकडे समुद्र. मी गावी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बायको, तिच्या मांडीवर चार दिवसांचा मुलगा, मागे आजी. आजीने आधी कौलं दाखवायला लावली, नीट बघितली आणि चालतील म्हणाली. मुलीने उंदीरमामाला सांगायचं ते सांगितलं, हात मागे नेला आणि दात फेकला. दात कौलावर टकटक करत गेला, एका खाचेत अडकला आणि तिथेच राहिला. सगळे तो घरंगळतो का म्हणून वर बघत उभे. नाही आला खाली.

मुलगी मात्र वर बघत नव्हती. तिने तोंड मिटलं होतं. हात तोंडावर नव्हता. नाकपुड्या हलत होत्या. मग तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून मावशीकडे वळली.

"मावशी, तुझ्या घराला घाण वास येतो."

क्षणभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी तिथेच ओट्यावर बसली आणि तिने मुलीला जवळ ओढलं. हसत होती की रडत होती ते समजेना.

"आता ही कोळ्यांची नाय रायली," ती मला म्हणाली. "आता घेऊन जा तुझ्या गावाला."

मुलगी तिच्या मिठीत नाक दाबून उभी होती आणि सुटायची काही घाई करत नव्हती.